नसलेली चव: ती का लागते आणि कारण कसं शोधायचं

तोंडात घास नाही, तरी जिभेवर लोखंडासारखी चव रेंगाळते. किंवा घरातले सगळे तीच आमटी आवडीने खातात आणि एकालाच ती कडूजहर लागते. अशा वेळी घरच्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही, मनाचे खेळ." तेवढं म्हणू नका. चव मेंदूतून आलेली असली तरी लागणाऱ्याला ती खरीच लागते, आणि मागे बहुतेक वेळा शोधता येईल असं काहीतरी असतं. हिरडीतला पू, नवी सुरू झालेली गोळी, अचानक बंद केलेली दारू, जेवणात गुपचूप कालवलेलं औषध किंवा मेंदूत उठलेली फिट. शोध घरी सुरू करता येतो, आणि डॉक्टरांचं निम्मं काम त्यातूनच होतं.

काही वेळा मात्र शोधत बसायचं नसतं. चवीसोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, पहिल्यांदाच फिट आली, माणूस असंबद्ध बोलू लागला, ताप चढून अंग कोरडं पडलं किंवा दारू थांबवल्यापासून चार दिवसांच्या आत भास सुरू झाले, तर १०८ ला फोन करा.

आधी तोंड तपासा

पाण्याने खळखळून चूळ भरा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. चव गेली किंवा बरीच कमी झाली, तर ती आणणारा पदार्थ तोंडातच कुठेतरी आहे. काहीच फरक पडला नाही, तर संशय औषध, नस किंवा मेंदूकडे जातो. चव हळूहळू परत चढू लागली, तर ती लाळेतून, हिरडीतून किंवा घशाकडून पाझरते आहे.

मग टॉर्च घेऊन आरशासमोर उभे राहा. दोन्ही बाजूंच्या हिरड्या बोटाने दाबून बघा, पू किंवा रक्त येतं का. कवळी असेल तर ती काढून खालचा भाग बघा. जिभेवर पांढरा थर असेल आणि पुसल्यावर खाली लाल दिसत असेल, तर बुरशी असू शकते. दम्याचा पंप वापरून चूळ न भरणाऱ्यांना आणि मधुमेह आटोक्यात नसणाऱ्यांना ती जास्त होते. आडवं झाल्यावर आंबट-कडू चव येत असेल तर पित्त घशापर्यंत येत असावं. घशात सतत काहीतरी उतरतंय असं वाटत असेल तर सायनस बघावा लागतो.

स्वयंपाकघरही तपासा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात आमटी किंवा ताक ठेवलं की ते कळकतं, आणि ती चव अगदी खरी असते. हल्ली तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून नेणारे बरेच दिसतात. आंबटाने तांबं सुटतं आणि दिवसभर तोंडात धातू घोळतो. बाटलीत साधं पाणीच ठेवा.

दुर्गंधी घालवायला लोक क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आणतात. तो दोन-दोन आठवडे वापरला की स्वतःच चव बिघडवतो, विशेषतः खारट चव. चवीच्या तक्रारीवर उपाय म्हणून तो मनानेच सुरू करू नका. सुरू केला असेल तर पुढे सांगितलेल्या वहीत नोंदवा.

मधुमेहासाठी गुळमारची, म्हणजे मधुनाशिनीची, पानं किंवा चूर्ण घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पान चावलं की जिभेवरची गोडाची जाणीव अर्धा-पाऊण तास बंद पडते आणि साखर वाळूसारखी लागते. बिघाड मेंदूत नसतो, पानातलं द्रव्य गोडाच्या पेशींवर बसलेलं असतं. एखाद्या पदार्थाने चव कशी बदलते हे समजायला याहून सोपं उदाहरण नाही.

जीभ की नाक?

"चव गेली" म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा वास गेलेला असतो. नाक चिमटीत घट्ट धरून बडीशेप आणि साखर एकत्र चावा. नाक बंद असताना फक्त गोड लागतं, नाक सोडताच बडीशेपेचा गंध येतो. नाक सोडूनही गंध आला नाही तर तक्रार नाकाची आहे. मेंदूला भासणारा जळका, कुजका वासही लोक "चव" म्हणूनच सांगतात, म्हणून ही चाचणी वगळू नका.

जिभेची चाचणी चार वाट्यांत होते. प्रत्येकीत १०० मिलिलिटर पिण्याचं पाणी घ्या. पहिलीत दोन सपाट चमचे साखर, दुसरीत अर्धा चमचा मीठ, तिसरीत एक मोठा चमचा लिंबाचा रस, चौथीत अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, चहाचा. रक्तदाब किंवा मधुमेह असला तरी चालतं, कारण गिळायचं काहीच नाही. आधी तासभर खाणं, तंबाखू आणि ब्रश बंद. कापसाची काडी बुडवून जिभेच्या उजव्या कडेला लावा. जीभ बाहेरच ठेवायची, कारण आत घेतली की द्रव सगळीकडे पसरतो आणि चाचणी फुकट जाते. चाखणाऱ्याने बोलायचं नाही, कागदावर लिहिलेल्या गोड, खारट, आंबट, कडू, काहीच नाही यांपैकी एकावर बोट ठेवायचं. मग चूळ, एक मिनिट विश्रांती, आणि तेच डाव्या कडेला. कडू सगळ्यात शेवटी, नाहीतर त्याची चव पुढच्या वाटीत मिसळते.

गोड टोकाला, कडू मागे असा जिभेचा नकाशा शाळेच्या पुस्तकात पाहिलेला असेल, तो विसरा. चारही चवी जिभेवर सगळीकडे कळतात. इथे महत्त्वाचा आहे तो उजव्या-डाव्यातला फरक. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चवीची नस मधल्या कानातून जाते. त्यामुळे कानाच्या ऑपरेशननंतर अर्ध्या जिभेवर लोखंडी चव येऊ शकते. खालची अक्कलदाढ काढताना नस दुखावली तरी तसंच. एकाच बाजूला फरक दिसला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना हे आवर्जून सांगा.

चारही चवी दोन्ही बाजूंना नीट ओळखल्या आणि तरी काही न खाता चव येते, तर तो चवीचा भास म्हणता येईल. आता वही काढा.

दोन आठवड्यांची वही

पानावर सहा रकाने आखा: वेळ, चव कशासारखी, किती वेळ टिकली, चूळ भरल्यावर काय झालं, सोबत काय झालं, आणि मागच्या २४ तासांत काय घेतलं किंवा काय घेणं थांबवलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. त्यात गोळ्या, काढे, चूर्णं, तंबाखू, मिशरी, गुटखा, दारू, भांग, झोपेची गोळी, सगळं मात्रेसकट लिहायचं. लाजेपोटी एक ओळ गाळली तर पुढचा सगळा हिशोब चुकतो. पेशंट तरुण असेल तर वही त्याच्याकडेच राहू द्या आणि ती फक्त डॉक्टर बघतील असं कबूल करा, आणि ते पाळा.

"कडू" एवढंच लिहून थांबू नका. कारल्यासारखं, जळक्या रबरासारखं, रक्तासारखं, नाणं चघळल्यासारखं, असं लिहा. टिकण्याचा वेळ मिनिटांत लिहा. तीस सेकंदांची चव आणि तीन दिवसांची चव ही दोन वेगळी दुखणी आहेत.

गोळ्यांची चव

औषधाने येणाऱ्या चवीची खूण म्हणजे वेळापत्रक. गोळी सुरू झाल्यावर ती आली, मात्रा वाढली तशी वाढली, बंद केल्यावर ओसरली. झोपेसाठी दिलं जाणारं एसझोपिक्लोन आणि त्याचं भावंड झोपिक्लोन यात ती ठळक दिसते. रात्री गोळी घेतली की सकाळी चहाही कडू लागतो, कारण औषध लाळेत उतरतं. एसझोपिक्लोनच्या अमेरिकेतल्या चाचण्यांत नुसती नकली गोळी घेणाऱ्या ३ टक्के लोकांनी वाईट चवीची तक्रार केली, २ मिलिग्रॅम घेणाऱ्या १७ टक्क्यांनी आणि ३ मिलिग्रॅम घेणाऱ्या ३४ टक्क्यांनी. गोळीच कारण आहे हे मात्रेसोबतच्या या चढत्या आकड्यांवरून ठरतं. तुमच्या वहीतही हाच चढ-उतार शोधा.

जुलाबावर मिळणारं मेट्रोनिडॅझोल लोखंडी चव आणतं आणि कोर्स संपला की ती जाते. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिननेही काहींना धातूची चव येते. उंचीवर जाताना घेतलेल्या ॲसिटाझोलामाइडने सोडा, कोल्ड्रिंक सपक लागतं, फसफस जाणवतच नाही. नैराश्यावरच्या ॲमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाळेशिवाय चव विरघळतच नाही. थोड्या दिवसांचं औषध असेल तर लडाखहून परतल्यावर किंवा कोर्स संपल्यावर हे आपोआप सुटतं, घाबरायचं कारण नाही.

मनाच्या टोकाच्या चढ-उतारांवर दिल्या जाणाऱ्या लिथियमचं मात्र वेगळं आहे. साध्या मात्रेतही लोखंडी चव येऊ शकते. पण तिच्यासोबत हात जास्त थरथरणं, उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं सुरू झालं तर रक्तातलं लिथियम वाढलं असावं. रक्ताच्या रिपोर्टवर सर्वसाधारण उपचाराची पातळी ०.६ ते १.२ (mEq/L) असते, १.५ च्या वर विषबाधेची भीती. मे महिन्याच्या उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलं, जुलाब झाले, अंगदुखीवर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं, रक्तदाबासाठी लघवीची गोळी सुरू झाली, तर मात्रा तीच असूनही पातळी चढते. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी देतात, पण ही लक्षणं दिसत असताना १२ तास मोजत बसू नका. पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा.

एरवी चवीसाठी कुठलीही मानसिक आजाराची किंवा फिटची गोळी स्वतःहून बंद करू नका. मात्रा, वेळ किंवा गोळी बदलता येते, ते डॉक्टरांवर सोडा.

नशा चढताना आणि उतरताना

यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नाकाने ओढलेली पावडर घशात उतरून कडू लागते, ती खरी चव. मेंदू चव निर्माण करतो, तो भास. एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या द्रव्यांच्या अमलात गाणं "गोड लागतं", रंगाला चव येते. इंद्रियांची सरमिसळ होते आणि काही तासांनी ओसरते. काही लोकांना जन्मापासून शब्दांना चव लागते, तो आजार नाही, त्यांना औषधाची गरज नाही.

कागदाच्या तुकड्यावर मिळणारं द्रव्य कडूजहर लागलं आणि जीभ बधिर झाली, तर ते एलएसडी असण्याची शक्यता कमी. नेहमीच्या मात्रेतलं एलएसडी जवळपास बेचव असतं. कडवटपणा आणि बधिरपणा एनबोम नावाच्या कृत्रिम नशेच्या गटाची शंका आणतात, आणि त्याने ताप, फिट आणि मृत्यूही झालेले आहेत. तोंडातलं लगेच थुंका, चूळ भरा, आणि माणसाला एकटं न सोडता रुग्णालयात न्या. डॉक्टरांना खरं सांगा, उपचार त्यावरच ठरतो.

महाशिवरात्र आणि होळीला भांगेत धोतऱ्याचं बी मिसळल्याचे प्रकार घडतात. ओळखायचं असं: नुसत्या भांगेने तोंड कोरडं पडतं, भूक लागते, डोळे लाल होतात, आणि पोटातून घेतलेली असल्याने ती एक-दोन तास उशिरा चढते. म्हणून "चढली नाही" म्हणत दुसरा पेला घेणाऱ्यांचे हाल होतात. धोतऱ्याने तोंड पार सुकतं, घास गिळवत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, कातडी गरम आणि कोरडी पडते, लघवी अडते, आणि माणूस समोर नसलेल्यांशी बोलतो, हवेतलं काहीतरी उचलून तोंडात घालतो, चावतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल. थंड जागी कुशीवर झोपवा आणि १०८.

दारू सोडताना भास उतरणीला येतात, पिताना नाही. शेवटच्या पेगनंतर १२ ते २४ तासांत भास सुरू होऊ शकतात, फिट साधारण ६ ते ४८ तासांत, आणि घाम, ताप, थरथर, दिशाहीन बडबड असलेली जीवघेणी अवस्था ४८ ते ९६ तासांत. भास बहुधा दिसण्याचे, ऐकण्याचे, अंगावर किडे फिरल्याचे असतात. चवीचे कमी, पण "पाण्यात काहीतरी टाकलंय" ही तक्रार त्यांच्यासोबत येते. रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवणं जिवावर बेतू शकतं. रुग्णालयात आधी बी-१ जीवनसत्त्व देतात, मग ग्लुकोज. चिंतेवरच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवल्या तरी लोखंडी चव, आवाज आणि उजेड सहन न होणं, आणि फिट येऊ शकते. त्या टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करायच्या.

तंबाखू सोडणाऱ्यांना मात्र चांगली बातमी आहे. चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांनी नव्या होतात, आणि काही दिवसांत-आठवड्यांत जेवण पुन्हा चवदार लागू लागतं. तिखटाने तोंड भाजतंय आणि तोंड पूर्ण उघडत नाही असं गुटखा खाणाऱ्याला वाटलं तर तो चवीचा प्रश्न नव्हे, दंतवैद्यांकडे लगेच जा.

"जेवणात काहीतरी घातलंय"

स्किझोफ्रेनियासारख्या आजारात, आणि एमडीसारख्या (मेफेड्रोन) उत्तेजक नशेतही, चवीचा भास आणि विषाचा संशय हातात हात घालून येतात. आमटी कडू लागते आणि मन लगेच कारण जोडतं. अशा वेळी वाद घालून काही साधत नाही. "कुठे कडू आहे? आम्ही मेलो का खाऊन?" म्हटलं की भिंत उभी राहते. त्याऐवजी असं: "दादा, तुला कडू लागतंय ना, मला नाही लागत. चल, एकाच ताटात जेवू. पातेल्यातलं तूच वाढ." अंडं, केळं, बंद पाकिटातली बिस्किटं, डोळ्यांदेखत सोललेलं संत्रं बहुधा खाल्लं जातं. दोन दिवस त्यावर निभावलं तरी चालेल, पाणी मात्र कमी पडू देऊ नका.

आणि घरातल्या सगळ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारायचा आहे: जेवणात खरंच काही घातलं आहे का?

आपल्याकडे "गोळी घेत नाही, म्हणून चहातून देतो" हे सर्रास चालतं. माणसाला ते कळतं तेव्हा त्याचा संशय खरा ठरतो, आणि मग तो घरचा घासच घेत नाही. शिवाय औषधही नीट पोचत नाही. अशा आजारावरच्या रिस्पेरिडोनचं द्रावण चहा किंवा कोलात चालत नाही, पाणी, कॉफी, संत्र्याचा रस किंवा कमी सायीचं दूध यातच ते देता येतं. म्हणजे चहातून देणारे विश्वासही घालवतात आणि डोसही.

त्याहून घातक आहे ते न सांगता "दारू सोडवणारं" औषध भाजीत कालवणं. त्यात बहुधा डायसल्फिरॅम असतं. ते स्वतः लोखंडी किंवा लसणीसारखी चव मागे ठेवतं, म्हणून नवरा "भाजीला वास मारतोय" म्हणतो तेव्हा तो भ्रमात नसतो. त्यावर दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीव जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध उपयोगी आहे, पण घेणाऱ्याला माहीत असून, त्याच्या संमतीने, आधी तपासण्या करून. खोकल्याचं औषध आणि काही माउथवॉश यांतली दारूही तेव्हा टाळायची असते.

आत्तापर्यंत गुपचूप देत असाल तर आज थांबवून उद्या भांडण काढू नका. आधी मनोविकारतज्ज्ञांना एकट्याने भेटा, नाव आणि मात्रा सांगा. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत, गोळी बदलता येते, आणि पेशंटला खरं कसं सांगायचं हे ते तुमच्यासोबत बसून ठरवतील. डायसल्फिरॅम देत असाल तर मात्र ते लगेच बंद करा आणि चौदा दिवस दारूपासून दूर राहायला हवं हे त्याला स्पष्ट सांगा.

सेकंदांची चव

वहीत तीस सेकंद ते दोन मिनिटांची, दर वेळी तीच, अचानक येणारी चव दिसली तर फिटचा विचार करा. सोबत पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं, "हे आधी घडलंय" असं वाटणं, वास येणं, नजर स्थिर होणं, ओठ चाटणं किंवा चघळल्याची हालचाल. लंडनचे ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात अशा झटक्यांचं वर्णन केलं. त्यांच्या एका पेशंटच्या, जो स्वतः डॉक्टर होता, मेंदूत मृत्यूनंतर कानशिलाच्या आतल्या बाजूला एक छोटा बिघडलेला भाग सापडला.

घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढावा. डॉक्टरांना त्यातून खूप कळतं, कारण पेशंटला ती मिनिटं अनेकदा नीट आठवत नाहीत. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका. कुशीवर वळवा, वेळ मोजा, पहिलीच फिट असेल किंवा पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८. तपास होईपर्यंत गाडी, पोहणं आणि गॅसजवळ एकटं काम बंद. ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक आणि रात्रभर जागरण अशा झटक्यांना खतपाणी घालतात, ते नोंदवा.

तोवर आराम कशाने

एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा, गिळू नका. लोखंडी चवीला स्टीलऐवजी लाकडी चमचा बरा पडतो, आणि जेवण गरमागरम घेण्यापेक्षा कोमट. बिनसाखरेचं च्युइंगम लाळ वाढवतं. झिंकच्या गोळ्या महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेऊ नका, जास्त झिंकने शरीरातलं तांबं घटतं आणि नसांना इजा होते.

मनाच्या तक्रारीसाठी टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनासाठी १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत. पुण्यात व्यसनमुक्तीसाठी १९८६ पासून मुक्तांगण आहे. जाताना वही, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, चूर्णांच्या डब्या आणि मोबाइलमधला व्हिडिओ एका पिशवीत घाला. डॉक्टरांना पहिलं वाक्य चवीबद्दल नको, तारखेबद्दल सांगा: कोणत्या दिवशी सुरू झालं, आणि त्याआधीच्या पंधरा दिवसांत काय नवं घेतलं किंवा काय सोडलं.